किम न्यूमन वाचायचा तरी कसा? वाचकांचे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

मागच्या अंकात भयकादंबऱ्यांबद्दल लिहिताना किम न्यूमन या ब्रिटिश लेखकाचा जाताजाता उल्लेख केला होता, की हा माणूस एकीकडे व्हॅम्पायरच्या कादंबऱ्या लिहितो आणि दुसरीकडे सिनेमावर जाडजूड पुस्तकं. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि उत्तरांची लांबी सारखी नाहीये त्याबद्दल तक्रार करू नका, काही प्रश्नच तसे होते.

प्रश्न: मी धारप आणि मतकरी वाचत मोठी झाले. ब्रॅम स्टोकरची मूळ 'ड्रॅक्युला' मात्र वाचलेली नाही, फक्त सिनेमे बघितलेत. थेट न्यूमनची 'ॲनो ड्रॅक्युला' घेतली तर चालेल का, की आधी मूळ वाचावीच लागेल?

चालेल, पण मजा निम्मी होईल. कशी ते सांगतो.

स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत शेवटी प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग आणि त्याची माणसं जिंकतात, काउंटला लंडनमधून हुसकावून पार ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत पाठलाग करून संपवतात. न्यूमनने १९९२मध्ये विचारलं, समजा ही मंडळी हरली असती तर? मग ड्रॅक्युला लंडनमध्येच राहतो, विधवा व्हिक्टोरिया राणीशी लग्न करतो, राणीचा नवरा म्हणून देशाचा कारभार हातात घेतो आणि व्हॅन हेल्सिंगचं मुंडकं बकिंगहॅम पॅलेसबाहेर भाल्यावर लटकतं. साल १८८८. व्हॅम्पायर होणं ही आता लपवायची गोष्ट राहिलेली नाही, उलट ज्याला वर चढायचंय तो स्वतःहून चावून घ्यायला तयार आहे, कारण चांगल्या जागा आता त्यांनाच मिळतात. आणि इकडे व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांमध्ये कुणीतरी धंदा करणाऱ्या गरीब व्हॅम्पायर बायकांना चांदीच्या सुरीने मारत सुटलंय.

तो कोण हे सांगितलं तर रसभंग होईल असं वाटेल, पण नाही होत, न्यूमनने स्वतःच पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलंय. तो डॉक्टर सेवर्ड. मूळ कादंबरीत हा वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर असतो आणि आपली डायरी फोनोग्राफवर रेकॉर्ड करतो, इथेही पुस्तक त्याच डायरीने सुरू होतं, फक्त आता त्या सज्जन माणसाचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. आता तुम्ही मूळ पुस्तक वाचलं असेल तर तुम्हाला माहीत असतं की याच सेवर्डने एकेकाळी लूसीला मागणी घातली होती, ती नंतर व्हॅम्पायर झाली, आणि तिच्या थडग्यात तिच्या छातीत खुंटा ठोकला गेला तेव्हा हा तिथे उभा होता. न्यूमनच्या सेवर्डच्या मनातून तो प्रसंग जातच नाही, तो तेच परत परत करत बसलाय. हे माहीत नसलं तरी गोष्ट कळते, माहीत असलं तर पोटात खड्डा पडतो. खुंटा प्रत्यक्षात ठोकणारा आर्थर होता, लूसीचा होणारा नवरा, तो तर इथे चक्क व्हॅम्पायर होऊन सत्तेच्या वर्तुळात आपली जागा शोधत फिरतोय.

म्हणून माझं ऐका, मूळ पुस्तकाची पहिली चार प्रकरणं, म्हणजे जोनाथन हार्करचा किल्ल्यातला मुक्काम, आणि लूसीचा सगळा भाग एवढं तरी वाचून घ्या. मधली धावपळ, टाइमटेबलं, पेट्यांचा हिशोब हे सगळं चाळलं तरी चालतंय.

आणि तुम्ही धारपांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. समर्थांच्या कथांमध्ये बघा, अमंगळ काहीतरी बाहेरून आत शिरतं, माणसं हतबल होतात, मग समर्थ येतात आणि त्याला परत हाकलतात. न्यूमनकडे असा कुणी येतच नाही. जे बाहेरून आलं ते आता सरकार चालवतंय, त्याचे पोलीस आहेत, त्याचे दरबारी आहेत, आणि सामान्य माणूस सकाळी उठून कामाला जातो. मला ही कादंबरी १८८८पेक्षा १९८०च्या दशकातल्या ब्रिटनबद्दलची जास्त वाटते, सगळा देश एका माणसाच्या तालावर वळतोय आणि हुशार लोक आपापला फायदा बघून जुळवून घेतायत, हे चित्र रंगवण्यात लेखकाला रक्तापेक्षा जास्त रस आहे. खुद्द ड्रॅक्युला तर जवळजवळ पुस्तकभर दिसतच नाही, अगदी शेवटाकडे येतो, पण येतो तेव्हा येतो बाबा.

प्रश्न: 'ॲनो ड्रॅक्युला' अर्धी वाचून सोडली. दर पानावर कुठल्यातरी दुसऱ्या पुस्तकातलं नाहीतर सिनेमातलं पात्र येतं. मोबाइल हातात घेऊन सर्च करत वाचायचं का? मग ती कादंबरी कसली, ती तर परीक्षा झाली.

सर्च करू नका, प्लीज. हाच गोंधळ बहुतेकांचा होतो आणि यात थोडा दोष त्याच्या चाहत्यांचाही आहे, ते सगळे याद्याच बनवत बसतात, हा इथून आला तो तिथून आला, आणि नवीन वाचकाला वाटतं की आपल्याला हे येत नाही म्हणजे आपण नापास.

न्यूमन हे का करतो ते आधी बघू. त्याच्या लंडनमध्ये पंतप्रधान आहे लॉर्ड रुथवेन. हा आला जॉन पोलिडोरीच्या १८१९च्या 'द व्हॅम्पायर' या गोष्टीतून, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही जवळपास ऐंशी वर्षं आधीचा उमराव व्हॅम्पायर. टॉवर ऑफ लंडन ज्याच्या ताब्यात आहे तो ग्राफ ऑरलॉक, १९२२च्या 'नॉस्फेराटू' या मूकपटातला टकला, उंदराच्या दातांचा. नायक चार्ल्स बोरिगार्ड ज्या क्लबसाठी काम करतो तो डायोजिनीस क्लब कॉनन डॉयलचा, शेरलॉक होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट तिथे जाऊन बसतो तो. केट रीड नावाची पत्रकार आहे, ती तर स्टोकरने आपल्या टिपणांमध्ये ठरवली होती आणि मग कादंबरीत घेतलीच नाही. न्यूमनने तिला उचललं आणि पुढे मालिकेतली सगळ्यात जिवंत बाई केलं. माझं मत विचाराल तर जेनेव्हिएव्हपेक्षाही केट भारी आहे, पण यावर भांडणं होतात. (जेनेव्हिएव्ह म्हणजे त्याची स्वतःची नायिका, वयाने ड्रॅक्युलापेक्षा मोठी आणि दिसायला सोळा वर्षांची.)

तर हे सगळं हौसेखातर आहेच, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या आत एक समीक्षक बसलाय. त्याची अडचण बघा कशी होती. व्हॅम्पायरचे नियम दर पुस्तकात, दर सिनेमात वेगळे. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो, उन्हात फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे 'नॉस्फेराटू'ने आणलं आणि मग सगळ्या सिनेमांनी उचललं, आज आपल्याला वाटतं ते पहिल्यापासूनच तसं आहे. कुणी आरशात दिसत नाही, कुणी दिसतो. कुणी क्रॉसला घाबरतो, कुणी हसतो. दुसरा एखादा लेखक असता तर त्याने एक नियमावली ठरवून बाकीची खोटी म्हटली असती. न्यूमन म्हणाला सगळंच खरं, फक्त घराणी वेगळी! ज्याच्या रक्तातून तुम्ही व्हॅम्पायर झालात त्याचे गुणदोष तुमच्यात येणार, आणि ड्रॅक्युलाचं रक्त तर नासकंच आहे म्हणून त्याच्या पिलावळीचे एवढे हाल. या एका युक्तीने त्याने दीडेकशे वर्षांच्या सगळ्या परस्परविरोधी गोष्टी एका शहरात नांदवल्या. हे काम कादंबरीकाराचं की सिनेमाच्या इतिहासकाराचं, सांगा बरं.

अजून एक सांगतो मग पुढे जाऊ. पुस्तकात फ्लोरेन्स स्टोकर नावाची बाई रात्रीच्या पार्ट्या देते, मोठमोठे लोक जमतात. ही ब्रॅम स्टोकरची खरीखुरी बायको. स्टोकर गेल्यावर 'नॉस्फेराटू'वाल्यांनी परवानगी न घेता कादंबरी ढापली म्हणून हिने जर्मनीत केस केली, जिंकली, आणि सिनेमाच्या सगळ्या प्रिंट नष्ट करा असा निकाल मिळवला. काही प्रिंट वाचल्या म्हणून आज आपण तो सिनेमा बघतो. आता ज्या बाईने ऑरलॉकला पडद्यावरून पुसायचा प्रयत्न केला ती आणि तो ऑरलॉक एकाच कादंबरीत, एकाच लंडनमध्ये राहतात. हे कळलं तर गालात हसाल, नाही कळलं तर एक पार्टीचा प्रसंग वाचाल आणि पुढे जाल. काही बिघडत नाही. गावजत्रेत सगळे चेहरे ओळखीचे कुठे असतात, आपण आपली जत्रा बघतो ना, तसंच हे.

सोडलीत तिथून परत सुरू करा, आणि फक्त चार जण धरून ठेवा, सेवर्ड, बोरिगार्ड, जेनेव्हिएव्ह आणि आर्थर. बाकी गर्दी आहे, गर्दी म्हणूनच बघा.

प्रश्न: किम न्यूमन या बाईंची मुलाखत कुठे वाचायला मिळेल?

बाई नाहीत, बुवा आहेत. जन्म १९५९, लंडन, बालपण सॉमरसेटमधल्या एका खेड्यात, इंग्रजी साहित्य ससेक्स विद्यापीठात. फोटोत झुपकेदार मिशा आणि व्हिक्टोरियन थाटाचा वेस्टकोट दिसला की समजा तोच. मुलाखती पुष्कळ आहेत, जुन्या हॉरर सिनेमांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कवर तर इतक्या वेळा बोलताना दिसतो की काही लोक त्याला लेखक म्हणून ओळखतच नाहीत.

प्रश्न: एवढा शिकलेला माणूस, आणि थर्ड क्लास हॉरर सिनेमांवर शेकडो पानं लिहितो? 'नाइटमेअर मूव्हीज' चाळलं, त्यात तर ज्यांची नावं कुणी ऐकली नाहीत असे सिनेमे आहेत. हा वेळेचा अपव्यय नाही का?

प्रश्नातला राग आवडला. उत्तर जरा मागून देतो.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये घरोघरी व्हिडिओ आला आणि त्याच्यासोबत वाट्टेल त्या देशातले वाट्टेल ते सिनेमे कॅसेटवर आले, कारण थिएटरमध्ये लागणाऱ्या सिनेमाला सेन्सॉर होतं, कॅसेटला नव्हतं. मग वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली, 'व्हिडिओ नॅस्टी' असं नाव पडलं, सरकारी वकिलांकडून ७२ सिनेमांची यादी झाली, पोलिसांनी दुकानांमधून कॅसेट उचलल्या, आणि १९८४मध्ये कायदाच आला की कॅसेटलाही सर्टिफिकेट लागणार. गंमत अशी की यावर सगळ्यात तावातावाने बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते सिनेमे बघितलेलेच नव्हते. 'नाइटमेअर मूव्हीज' पहिल्यांदा आलं ते याच काळात, आणि त्या वातावरणात एक पंचविशीतला मुलगा म्हणत होता की मी बघितलेत, सगळे बघितलेत, आणि यातले काही फालतू आहेत, काही भिकार आहेत, आणि काही खरंच मोठे आहेत, चला एकेक करून बोलू. मला यात अपव्यय दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो.

पुस्तकाची सुरुवात १९६८पासून का, हेही बघण्यासारखं आहे. त्या वर्षी जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला, पिट्सबर्गकडच्या माणसांनी कमी पैशात काढलेला ब्लॅक ॲण्ड व्हाइट सिनेमा, ज्यात कुठला किल्ला नाही, काळा झगा घातलेला काउंट नाही, शेजारपाजारची मेलेली माणसंच उठून खायला येतात आणि शेवटी जो एकटा शहाणा माणूस वाचलेला असतो त्याला वाचवायला आलेलेच गोळी घालतात. न्यूमनचं म्हणणं, आधुनिक हॉरर इथून सुरू होतो.

आणि फालतू सिनेमांचं म्हणाल तर त्याची पद्धत समजून घ्या. समजा १९७८चा 'हॅलोविन'. त्याबद्दल कुणीही लिहील. न्यूमन त्याच्यानंतर आलेल्या नकला बघतो, 'फ्रायडे द थर्टीन्थ' आणि मग तिच्याही नकला, आणि त्या रांगेत उभं राहून विचारतो की नक्कल करणाऱ्याने काय उचललं आणि काय सोडलं. मुखवटा उचलला, सुरी उचलली, मरणाऱ्या पोरापोरी उचलल्या, पण रिकाम्या रस्त्यावर नुसतं बघत राहणारा कॅमेरा सोडून दिला, कारण तो अवघड होता. एखाद्या कलेत लोकांना काय सोपं वाटतं आणि काय जमत नाही हे उत्तम कलाकृती बघून नाही कळत, वाईट नकला बघून कळतं. हे एवढं तरी मी त्या पुस्तकातून घेतलं.

त्याला सगळंच आवडतं असं मात्र समजू नका, एका अर्ध्या वाक्यात तो सिनेमाची वाट लावतो. 'एम्पायर' मासिकात त्याचं 'व्हिडिओ डन्जन' नावाचं सदर होतं, त्याचं २०१७मध्ये पुस्तक झालं, त्यात हे जास्त दिसेल.

विकत घ्यायचं तर २०११ची आवृत्ती घ्या, जुना मजकूर टीपांसह तसाच ठेवून जवळपास तेवढाच नवा भाग जोडलाय. सलग वाचू नका हो, दमाल. एक प्रकरण, मग एक सिनेमा.

प्रश्न: स्टीफन किंगनेही हॉररवर एक पुस्तक लिहिलंय ना? दोघांत फरक काय?

हो, 'डान्स मकाब्र', १९८१. त्यात साधारण १९५० ते १९८० हा काळ आहे, सिनेमा, टीव्ही, रेडिओ, कादंबऱ्या सगळं. किंग स्वतःच्या भीतीपासून सुरू करतो, लहानपणी थिएटरमध्ये उडत्या तबकड्यांचा सिनेमा बघत असताना मॅनेजरने मध्येच दिवे लावून सांगितलं की रशियाने स्पुटनिक सोडला, ती १९५७ची गोष्ट. आणि तो लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलतो, की आधी मी वाचकाला दहशत द्यायचा प्रयत्न करतो, ते नाही जमलं तर भीती, तेही नाही जमलं तर किळस. न्यूमनला स्वतःबद्दल बोलण्यात फार रस नाही. तो सिनेमामागून सिनेमा लावत जातो आणि त्यातून काळ दिसतो. किंग गप्पा मारतो, न्यूमन वही काढतो. सुरुवात किंगपासून करा, सोपं जाईल.

प्रश्न: ड्रॅक्युला सोडून त्याचं काय वाचावं? आणि खरंच भीती वाटेल असं काही आहे का? 'ॲनो ड्रॅक्युला' आवडली पण घाबरलो नाही.

बरोबर आहे तुमचं. न्यूमन हा घाबरवणारा लेखक नाहीच मुळात, म्हणजे त्याला येतं, पण त्याचं मन त्यात नसतं. मध्येच त्याला काहीतरी गमतीदार सुचतं आणि तो तिकडे वळतो, आणि भीतीला तर सलग शांतता लागते. त्याच्यातला हा दोष मी मान्य करतो, आवडता लेखक असला तरी.

पण दोन पुस्तकं सुचवतो. एक 'जॅगो', १९९१ची. सॉमरसेटमधलं ॲल्डर नावाचं खेडं, तिथे एक पंथ, त्याचा प्रमुख अँथनी जॅगो, आणि उन्हाळ्यात भरणारा संगीताचा मोठा फेस्टिवल. या जॅगोकडे अशी ताकद आहे की आसपासच्या लोकांच्या मनातल्या भीती खऱ्याखुऱ्या उभ्या राहतात. आणि असा पंथ त्याच भागात एकोणिसाव्या शतकात खरंच होता बरं का, ॲगापेमोन नावाचा, स्पॅक्सटन गावाजवळ, प्रमुखाला देवाचा अवतार मानणारा. न्यूमन तिथून जवळच वाढला त्यामुळे गाव, शेतं, उकाडा, बाहेरून आलेले हिप्पी आणि वैतागलेले शेतकरी हे सगळं अस्सल उतरलंय. पुस्तक लठ्ठ आहे, पात्रं ढीगभर, शेवटी शेवटी तर इतकं काय काय घडतं की भीतीचा गोंगाट होतो. पण पहिल्या अर्ध्यात वाढत जाणारी अस्वस्थता आहे ना, ती त्याने परत कुठे गाठली नाही.

दुसरं 'ॲन इंग्लिश घोस्ट स्टोरी', २०१४. एक चौकोनी कुटुंब, आपसात बिनसलेलं, शहर सोडून 'द हॉलो' नावाच्या जुन्या घरात राहायला येतं. घरात भुतं आहेत, आणि ती चक्क चांगली आहेत! त्यांच्यामुळे या चौघांचं एकमेकांशी जुळतं, सगळे खूश. आता चार भयकथा वाचलेल्या कुणालाही कळेल की हे टिकणार नाही, पण ते बिघडतं कसं, तर भुतं दुष्ट निघतात म्हणून नाही, यांची जुनी भांडणं परत डोकं वर काढतात आणि घर त्याच्याप्रमाणे वागायला लागतं. हे पुस्तक छोटं आहे, शांत आहे, आणि यात त्याने स्वतःला आवरलंय. मतकरींच्या गूढकथा आवडणाऱ्यांना मी हेच आधी देईन, त्या कथांसारखंच इथे भूत बाहेर कमी आणि माणसांत जास्त आहे.

आणि भीती बाजूला ठेवून निव्वळ कल्पनेसाठी वाचायचं तर 'द नाइट मेयर', १९८९, त्याची पहिली कादंबरी. भविष्यकाळात लोक सिनेमाऐवजी स्वप्नं विकत घेतात, आणि एक गुन्हेगार तुरुंगातून पळून अशा स्वप्नात लपतो जे १९४०च्या दशकातल्या गुन्हेगारी सिनेमांचं बनलंय. त्या शहरात कायम रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि कायम पाऊस. पुस्तक म्हणून कच्चं आहे, पण पुढचा सगळा न्यूमन त्यात आहे.

प्रश्न: जॅक योव्हिल म्हणजे न्यूमनच हे खरं का?

खरं. गेमवर आधारित कादंबऱ्या तो त्या नावाने लिहायचा. 'ड्राकेनफेल्स' (१९८९) ही वॉरहॅमर या खेळाच्या जगातली, आणि जेनेव्हिएव्ह तिथेच पहिल्यांदा भेटते, जरा वेगळ्या रूपात. खेळाच्या कंपनीसाठी लिहायचं म्हटल्यावर माणूस लढाया लिहून मोकळा होईल, याने काय केलं तर एका दुष्ट जादूगाराचा वध झाला त्या घटनेवर नाटक बसवणाऱ्या मंडळींची गोष्ट लिहिली. नाटककाराचं नाव डेटलेफ झिर्क. हॉलिवूडमध्ये डग्लस सर्क म्हणून प्रसिद्ध झालेल्या दिग्दर्शकाचं जर्मनीतलं मूळ नाव हेच होतं. खेळणाऱ्या पोरांपैकी किती जणांना कळलं असेल देव जाणे, त्याला फरक पडला नाही.

प्रश्न: 'कोपोलाज ड्रॅक्युला' ही त्याची दीर्घकथा वाचली. कोपोलाने ड्रॅक्युलावर सिनेमा केलाच आहे की, मग यात विशेष काय?

तुम्ही म्हणताय तो १९९२चा. कथा त्या सिनेमाबद्दल नाहीये! ती आहे 'अपोकॅलिप्स नाऊ'बद्दल. आता परत वाचा, वेगळीच दिसेल.

खरं काय घडलं होतं, तर कोपोलाने १९७६मध्ये फिलिपिन्समध्ये व्हिएतनाम युद्धावरच्या त्या सिनेमाचं शूटिंग सुरू केलं आणि जे जे चुकू शकतं ते सगळं चुकलं. नायक हार्वी कायटेलला काढून मार्टिन शीनला घेतलं, वादळाने सेट उडाले, शीनला हार्ट ॲटॅक आला, मार्लन ब्रॅण्डो आला तो एवढा जाड होऊन की त्याला अंधारातच ठेवून शूट करावं लागलं. सिनेमा आला १९७९मध्ये. न्यूमनने हे सगळं उचलून आपल्या जगात नेलं, जिथे व्हॅम्पायर खरे आहेत आणि ड्रॅक्युला हा इतिहास आहे. तिथे कोपोला व्हिएतनामवर सिनेमा करत नाही, तो हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात 'ड्रॅक्युला' करतोय. नदीतून वर वर जाणाऱ्या बोटीच्या जागी ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरातला प्रवास, ज्याच्या शोधात ती बोट निघते त्या कर्नल कर्ट्झच्या जागी काउंट, आणि तो अर्थात ब्रॅण्डो. केट रीड तिथे सल्लागार म्हणून आहे, कारण तिने तो काळ पाहिलाय.

मला विचाराल तर 'अपोकॅलिप्स नाऊ'वर इतकी चांगली समीक्षा क्वचित वाचायला मिळते. कारण दोन गोष्टी एकमेकींवर ठेवल्या की लक्षात येतं की त्या आधीपासूनच एकसारख्या होत्या. एक तरुण माणूस, हातात एक काम, दूरच्या अनोळखी मुलखात आत आत जातो, आणि शेवटी एक असा माणूस भेटतो ज्याच्या पलीकडे नकाशाच संपतो. हार्करचं हेच होतं आणि 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये शीनने केलेल्या कॅप्टन विलर्डचंही हेच. हे एखाद्या लेखात लिहिलं असतं तर आपण मान डोलावून विसरलो असतो. त्याने अख्खा सिनेमाच नवा रचून दाखवला, कुठला सीन कसा घेतला असता, कोण कुठे अडला असता, सगळं. त्याच्या कादंबऱ्या एका हाताने आणि सिनेमाची पुस्तकं दुसऱ्या हाताने लिहिलीत असं जे म्हणतात ना, ते मला या कथेमुळेच पटत नाही. कथा १९९७ची, पुढे ती 'जॉनी अल्युकार्ड' (२०१३) या कादंबरीत घेतली. ती कादंबरी तुकड्यातुकड्यांची झालीय आणि सगळे तुकडे काही या तोलाचे नाहीत, पण हा एक तुकडा मात्र वाचाच.

प्रश्न: 'लाइफ्स लॉटरी' वाचताना बोट घालून मागे जाणं म्हणजे चीटिंग का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही १९९९ची कादंबरी 'तुम्ही' या पुरुषात लिहिलीय, दर थोड्या वेळाने तुम्हाला निवड करायची असते, असं केलंत तर अमुक क्रमांकावर जा, तसं केलंत तर तमुक. पहिली निवड शाळेच्या मैदानावर, आवडत्या टीव्ही सिरियलमधल्या दोन हिरोंपैकी तुला कोण आवडतो, एवढीच. आणि त्यावर अख्खं आयुष्य फिरतं. कुठे लॉटरी लागते, कुठे खून होतो, कुठे काहीच होत नाही आणि माणूस म्हातारा होतो. हा शेवटचा प्रकार सगळ्यात भयानक आहे.

चीटिंग वगैरे काही नाही, खुशाल मागे जा. फक्त एकदा तरी बोट न घालता, जे निवडलं ते भोगत शेवटापर्यंत जाऊन बघा.

प्रश्न: मालिकेचा क्रम काय? आणि 'जजमेंट ऑफ टिअर्स' कुठे बसतं, ते यादीत दिसत नाही.

'ॲनो ड्रॅक्युला' १९९२, मग 'द ब्लडी रेड बॅरन' १९९५, ही पहिल्या महायुद्धातली, मग 'ड्रॅक्युला चा चा चा' १९९८, ही १९५९च्या रोममधली, मग वर सांगितलेली 'जॉनी अल्युकार्ड'. नंतरच्या दोन जपानमध्ये घडतात, 'वन थाउजंड मॉन्स्टर्स' आणि १९९९ सालावरची 'डायकायजू', त्या नाही वाचल्या तरी अडत नाही. 'जजमेंट ऑफ टिअर्स' म्हणजे 'चा चा चा'चंच अमेरिकेतलं नाव. दोन्ही विकत घेऊ नका. तसंच सिनेमाच्या पुस्तकांत 'मिलेनियम मूव्हीज' आणि 'अपोकॅलिप्स मूव्हीज', तेही एकच, जगबुडीच्या सिनेमांवरचं. आणि 'ॲनो ड्रॅक्युला' सेकंडहॅण्ड घेणार असाल तर २०११ची किंवा त्यानंतरची बघा, मागे लेखकाच्या टीपा आहेत, सर्च करणाऱ्या मंडळींचं काम तिथेच होईल.